रानवाफा

साहेबांनी तोंड वाकडं केलं तेव्हा मोजणीताईला वाटलं, त्यांच्या बुटात खडा गेला असेल. साहेब शेतात आले की त्यांच्या बुटात काहीतरी जायचंच. पण साहेब खाली बघत नव्हते. समोर प्रयोगाचा चौथा वाफा होता आणि त्यात मांडीइतकं तण माजलं होतं.

"हे काय आहे?"

"तण, साहेब."

"ते मलाही कळतं. काढलं का नाही?"

"काढायचं नाही म्हणून."

साहेबांनी वाफ्याच्या डोक्यावरची पाटी वाचली. मग पुन्हा वाचली. पाटीवर मोजणीताईच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘तण न काढलेला’.

"म्हणजे काम करायचं नाही," साहेब म्हणाले, "आणि वर पाटी लावून गावाला सांगायचं की आम्ही केलं नाही. वा."

मागे खुरपणाऱ्या बायकांची ओळ बसली होती. सगळ्यांत पुढे मावशी. तिने रुमालाचं टोक तोंडात कोंबलं, पण खांदे हलायचे ते हललेच.

हे साहेब कृषी संशोधन केंद्रावर येऊन चार महिने झाले होते. त्याआधी ते खरेदी विभागात होते. खुर्च्या, कपाटं, पंखे हे त्यांचं क्षेत्र, आणि तिथे म्हणे त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. खुर्चीला तण येत नाही, कपाटात कधी दुसरं पीक घेत नाहीत, त्यामुळे तिथे त्यांचं बरं चाललं असावं. इथे येताना त्यांनी आपल्याबरोबर आणली ती फक्त इस्त्री. सकाळी साडेआठला त्यांच्या बाहीची घडी अशी असायची की तिच्यावर भेंडी चिरावी. बायकांनी तिसऱ्याच दिवशी त्यांचं नाव इस्त्रीसाहेब ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की एकदा हजेरीच्या कागदावर मोजणीताईच्या हातून ‘इस्त्री’ लिहून झालं होतं. वेळीच खोडलं म्हणून बरं.

मोजणीताईचंही खरं नाव हजेरीवहीतच राहिलं होतं. ती केंद्रावर तण मोजायची. लोखंडी सळईची अर्ध्या मीटरची चौकट वाफ्यात टाकायची, चौकटीत किती लव्हाळा, किती घोळ, किती हरळी ते मोजायचं, मग ते जमिनीलगत कापून पिशवीत भरायचं, वाळवायचं, तोलायचं आणि वहीत लिहायचं. सात वर्षं हेच. तिच्या नवऱ्याला कोणी विचारलं की बायको काय करते, तर तो म्हणायचा, "गवत मोजते." ऐकणारा हसायचा, तोही हसायचा. मोजणीताई दोघांनाही चहा द्यायची आणि मनातल्या मनात दोघांनाही चौकटीत टाकायची.

"साहेब," ती आता समजावणीच्या सुरात म्हणाली, "हे अठरा वाफे आहेत. सगळ्यांत मका आणि चवळी एकत्र. काहींत एकदा खुरपलंय, काहींत दोनदा, काहींत पेरल्या पेरल्या मारायचं औषध मारलंय. आणि तीन वाफ्यांत काहीच करायचं नाही. काहीच केलं नाही तर यंदा किती तण आलं असतं, ते त्यावरून कळतं."

"तण येतं हे कळायला तीन वाफे लागतात?"

"किती येतं ते कळायला."

"औषध मारून टाका एकदाच. मक्याचं औषध मिळतं बाजारात. मी स्वतः पाहिलंय."

मोजणीताईने एक श्वास घेतला. "मक्याला चालतं ते चवळीला जाळतं. चवळीला चालतं ते मक्याला जाळतं. आणि उभ्या पिकात दोघांनाही चालेल असं जे इथल्या दुकानात मिळतं, ते तणालाही चालतं."

मावशीच्या मागची एक बाई फिसकन हसली. साहेबांनी तिकडे पाहिलं. ओळ चटकन खाली वाकली.

"शुक्रवारी समिती येतेय," साहेब म्हणाले. "तीन माणसं. त्यांना हे जंगल दिसता कामा नये." आणि बुटाला लागलेली माती पाटीच्या दांड्याला घासून ते निघून गेले.

"मक्याच्या जागी यांनाच पेरायला हवं," मावशी म्हणाली. "उंच आहेत आणि कणीस नाही."

बायकांनी त्या तीन वाफ्यांना रानवाफे म्हणायला पहिल्याच वर्षी सुरुवात केली होती. मका आणि चवळीलाही त्यांनी नाती लावून दिली होती. मका म्हणजे वर मान करून मिरवणारा दीर आणि चवळी म्हणजे खाली पसरून सगळं घर झाकणारी थोरली जाऊ. जाऊ नीट पसरली तर तणाला ऊन मिळत नाही आणि ते आपोआप मरतं. सगळा प्रयोग या जावेवरच होता.

शेतकऱ्यांना वाटायच्या माहितीपत्रकात वर्षानुवर्षं छापलेलं होतं, की मका-चवळीला दोन खुरपण्या हव्यात. पहिली विसाव्या दिवशी, दुसरी चाळिसाव्या. पहिलीचं काही नाही, पिकं लहान असतात, वारा लागतो, गप्पा होतात. दुसरीच्या वेळी मका छातीइतका होतो. आत वारा नसतो. पानांच्या कडा मानेवर, दंडावर बारीक बारीक चिरत जातात आणि त्या चिरांत घाम उतरतो. आणि केंद्रावर या कामाचा रोज मिळतो तो मिळतो, पण घरच्या शेतात ही खुरपणी कोण करतं, तर घरातली बाई आणि तिच्या हाताशी आलेली पोरगी. मोजणीताई सातवीत असताना गणिताची परीक्षा दुसऱ्या खुरपणीत आली. आईने विचारलंही नाही, नुसतं खुरपं पुढे केलं. ती परीक्षा मोजणीताईने मक्याच्या ओळीत ओळी मोजत दिली होती.

प्रयोग एवढंच विचारत होता, की चवळी दाट पेरली आणि तिसाव्या दिवसापर्यंत तिने जमीन झाकली, तर दुसरी खुरपणी सोडता येते का. दोन वर्षं उत्तर आलं होतं, येते. एकदा खुरपलेल्या आणि दोनदा खुरपलेल्या वाफ्यांतलं धान्य जवळजवळ सारखं. प्रयोग आखणाऱ्या मोठ्या बाई दुसऱ्या शहरात बसायच्या. त्यांनी कळवलं होतं की तिसऱ्या वर्षीही हेच निघालं तर पत्रकातली ती ओळ काढू. पण रानवाफ्यात साठाव्या दिवशी किती तण आहे, तो आकडा तीनही वर्षांचा लागणार होता. तो नसेल तर चवळीने तण दाबलं की यंदा तणच आळशी निघालं, हे कोण सांगणार?

म्हणून मोजणीताई रानवाफ्यांना जपायची. कोणाची गाय शिरू नये म्हणून कुंपण घातलं होतं. ज्या तणाला सगळं जग शिव्या देतं, त्याची ती सकाळी जाऊन विचारपूस करायची. यंदा पाऊसमान जास्त होतं आणि तण गेल्या दोन्ही वर्षांपेक्षा दाट उठलं होतं. यंदा जाऊबाईंची खरी परीक्षा होती.

बुधवारी, पिकाच्या एकेचाळिसाव्या दिवशी, तिच्या मुलीला लस द्यायची होती. नऊ महिन्यांची पोर. सुई टोचली तेव्हा ती आधी रडलीच नाही, नुसती आईकडे बघत राहिली, की तूही यांच्यातलीच का. मग ओठ काढून रडली. मोजणीताईने अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती, पण बस केंद्रावरूनच जायची. पोर खांद्यावर झोपलेली. चला, एक नजर टाकून जाऊ, म्हणून ती उतरली.

कुंपणाचं दार उघडं होतं.

तीनही रानवाफे भुंडे झाले होते. आतला मका पिवळा, काडीसारखा. चवळीच्या चार चार पानांच्या दोऱ्या. तण होतं तोवर त्यांची दशा झाकलेली होती, आता आजारातून उठलेल्या माणसाची हजामत करून त्याला चौकात बसवावं तसे ते तीन वाफे सगळ्यांसमोर बसले होते. पाट्याही उपटलेल्या. त्यांच्या जागी गोल भोकं.

मावशी झाडाखाली बसली होती. उठली नाही.

"मी म्हटलं त्यांना, ताईला येऊ द्या. तर म्हणाले, साहेब मी आहे की ताई?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, ते तुमच्याकडे बघून कळतंच. त्यांना ते चांगलं वाटलं." मावशीने पोरीच्या पायाला हात लावला. "टोचलं का गं तुला? आज सगळ्यांनाच टोचलंय."

मोजणीताईने पोर दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"आम्ही नाही म्हटलं असतं तर उद्यापासून येऊ नका म्हणाले असते," मावशी म्हणाली. "पण ऐक. उपटायला सांगितलं होतं, फेकायला नाही. तिन्ही वाफ्यांचं वेगवेगळं ठेवलंय. सुकू नये म्हणून वर ओलं पोतं टाकलंय. आता घे मोजून."

झाडामागे सावलीत तीन मोठे भारे होते, हरळीच्याच दोरीने बांधलेले. पहिल्या भाऱ्यावर एक खडा, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. मावशीला लिहिता येत नव्हतं, पण कुठला भारा कुठल्या वाफ्याचा, यात चूक होऊ नये म्हणून तिने सगळ्यांवर नजर ठेवली होती. बाकीच्या बायका बघत होत्या. आपण काहीतरी हुशारी करून साहेबाला फसवलं, असा आनंद त्यांच्या तोंडावर होता.

एकेचाळिसाव्या दिवसाचं तण साठाव्या दिवसाच्या रकान्यात चालत नाही. तणाची खरी वाढ त्या मधल्या एकोणीस दिवसांतच व्हायची होती. हे त्या बायकांना सांगायला मोजणीताईची जीभ उचलली नाही. तिने पोर मावशीच्या मांडीवर दिली, वजनकाटा आणला आणि एकेक भारा टांगून तोलला. आकडे कागदावर लिहिले, पिशव्या भरल्या, पिशव्यांवर तारीख घातली. सगळं रीतसर केलं. त्या आकड्यांचा काहीही उपयोग नव्हता.

शुक्रवारी समिती आली. तीन माणसं, वीस मिनिटं. त्यातली सहा मिनिटं गाडी कुठे लावायची यात गेली. साहेबांनी त्यांना बांधावरून फिरवलं. वाफे पाहुण्यांच्या खोलीसारखे स्वच्छ होते. तिघांतल्या सगळ्यांत वयस्कर माणसाने चष्मा वर केला आणि विचारलं, "यातला तण न काढलेला वाफा कुठला?"

मोजणीताईने मान वर केली. एक तरी जाणकार निघाला.

"आमच्याकडे न काढलेलं काहीच नाही, सर," साहेब म्हणाले.

"छान," तो माणूस म्हणाला, आणि चष्मा खाली केला.

मग त्यांनी चहा घेतला. शेरेवहीत लिहिलं, ‘प्रयोगक्षेत्र अत्यंत नीटनेटके’. साहेबांनी त्या पानाचा फोटो काढून कचेरीच्या भिंतीवर चिकटवला, आणि पुढचा आठवडाभर येणाऱ्या प्रत्येकाला, टपाल आणणाऱ्यालासुद्धा, ते वाचायला उभं केलं.

पन्नासाव्या दिवसाच्या सुमाराला साहेबांना कोणीतरी कळवलं असावं, की रानवाफ्यांच्या आकड्यांशिवाय अहवाल पुरा होत नाही. त्यांनी मोजणीताईला आत बोलावलं. बसा म्हणाले. हे नवीन होतं.

"त्या रकान्याचं काय करणार आहात?"

"काय करणार, साहेब. तण नाही."

"गेल्या वर्षी किती होतं?"

"सरासरी तीनशे बारा ग्रॅम. त्याच्या आदल्या वर्षी तीनशे पाच."

"मग झालं की," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मधला काहीतरी घाला. तीनशे आठ. गवतच आहे ते, ताई. गवत काय साक्ष द्यायला येणार आहे?"

मोजणीताई त्यांच्याकडे बघत राहिली. या माणसाला आपल्या हातून काय झालं हे अजून कळलेलं नव्हतं. त्याला वाटत होतं की एक कपाट कमी पडलंय, दुसरीकडून आणून ठेवलं की खोली भरली. तिला राग यायला हवा होता. राग यायलाही समोर जरा वजनाचा माणूस लागतो. तिला नुसती शिसारी आली, पावसात भिजलेल्या चपलेच्या वासासारखी.

"बघते," ती म्हणाली.

खरी गोष्ट अशी की ती घरी जाताना बसमध्ये तोच आकडा घोळवत होती. तीनशे आठ. वाईट आकडा नव्हता. खरा असता तर कोणीही विश्वास ठेवला असता. आणि खोटा म्हणून तरी कोणाचं काय बिघडणार होतं? पत्रकातली ओळ याच हंगामानंतर निघाली असती. पुढच्या वर्षी मावशीच्या घरच्या मक्यात दुसरी खुरपणी झाली नसती. कुठल्यातरी सातवीतल्या पोरीने गणित सोडवलं असतं.

संध्याकाळी पोरीला पाजता पाजता तिने वही गुडघ्यावर उघडली. पेन्सिल घेतली. तीन लिहिला. पोरीने दूध सोडलं आणि तिचा अंगठा धरला, म्हणून पुढचं शून्य जरा वाकडं आलं.

मग ती थांबली. यंदाचं तण तिने रोज सकाळी पाहिलं होतं. ते तीनशे आठचं नव्हतंच. ते चारशेचं असेल, साडेचारशेचंही असेल. असल्या वर्षी एका खुरपणीवर जाऊबाई टिकल्या की नाही, हे कणसं मोजल्यावर कळणारच होतं, पण कशापुढे टिकल्या हे आता कधीच कळणार नव्हतं. आणि पत्रक वाचून जी बाई खुरपं खाली ठेवेल, तिच्या शेतात अशाच एका ओल्या वर्षी तण उठलं तर तिचं धान्य जाईल. ती इथे जाब विचारायला येणार नाही. तिला वाटेल आपलंच काही चुकलं. बायकांना तसं वाटतंच.

आणि आणखी एक होतं. तीनशे आठ लिहिला की ती आणि इस्त्रीसाहेब एकाच ओळीत बसणार होते, शेजारी शेजारी. त्या माणसाचा तिला इतका कंटाळा होता की तेवढ्यासाठीच तिने तीस खोडले.

साठाव्या दिवशी तिने चौकट नेली, बाकीचे पंधरा वाफे मोजले आणि तीन रकान्यांत लिहिलं, ‘माप नाही. एकेचाळिसाव्या दिवशी अधिकाऱ्यांच्या आदेशावरून तण उपटले.’ खाली सही. खाली भाऱ्यांची वजनंही लिहिली, कोणाला हवी असतील तर.

साहेबांनी वही पाहिली आणि पुन्हा तेच, बुटात खडा गेल्यासारखं तोंड.

"आदेश तोंडी होता."

"हो, साहेब. तण मात्र हातांनी उपटलं."

"माझ्या नावाचा उल्लेख गरजेचा आहे का?"

"नाव कुठे लिहिलंय? अधिकारी लिहिलंय."

साहेबांना त्यात थोडं समाधान वाटलं. तेवढ्यावर समाधान मानणारा माणूस. मोजणीताईने वही उचलली.

मोठ्या बाईंचा फोन चार दिवसांनी आला. त्या जास्त बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. पलीकडे त्या पानं उलटताना ऐकू येत होतं.

"तू हे लिहिलं नसतंस तर मला कळलं नसतं," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"हे वर्ष धरता येणार नाही. पुढच्या हंगामात पुन्हा लाव. आणि कुंपणाला कुलूप घाल."

"किल्ली साहेबांकडे असते."

"मग दोन कुलपं घाल," मोठ्या बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मावशीला सांगणं उरलं होतं. मोजणीताई दुपारच्या सुट्टीत झाडाखाली गेली. मावशी भाकरतुकडा खाऊन हातातल्या खुरप्याची धार अंगठ्याने बघत होती. मोजणीताईने सगळं सांगितलं. भारे उपयोगाचे नव्हते हेही सांगितलं.

मावशी बराच वेळ धारच बघत राहिली.

"म्हणजे पत्रकात तेच राहणार. दोन खुरपण्या."

"आणखी एक वर्ष."

"आणि तू एक आकडा लिहिला असतास तर नसतं राहिलं."

"नसतं."

"तुझी वही खरी राहिली," मावशी म्हणाली. "माझ्या कमरेचं काय?"

साहेबांनी तोंड वाकडं केलं की मोजणीताईला काही वाटत नसे. मावशीने तोंड वाकडं केलं नव्हतं, नुसतं विचारलं होतं. तिने चार उत्तरं मनात जुळवून पाहिली, चारही तिला कचेरीतल्या भाषेतली वाटली.

"पुढच्या वर्षी तुमच्या घरच्या मक्यात मी येते," ती शेवटी म्हणाली. "दुसऱ्या खुरपणीला."

मावशीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या नजरेत कौतुक अजिबात नव्हतं.

"तू? चौकट टाकून टाकून तुझे गुडघे आता वाकतात तरी का?"

"लहानपणी केलंय."

"लहानपणी मीही झाडावर चढत होते." तिने खुरपं मातीत खुपसलं. "आणि पोरगी कुठे ठेवणार? सासू घेईल?"

"दिवसभर नाही घेणार. पाठीवर बांधीन."

"मक्याची पानं लागतील तिला."

"झाकून घेईन."

मावशीने हिशेब केल्यासारखं आकाशाकडे पाहिलं, मग मोजणीताईच्या हातांकडे.

"दोन ओळी," ती म्हणाली. "पोर पाठीवर घेऊन दोनच होतील तुझ्याच्यानं. तिसरीला हात लावू नकोस, उगाच चवळी उपटशील."